लाइट गेली त्या दिवशीची हिरवी पूड

आमच्या लॅबमधले किस्से म्हणजे हाताला लागलेला हिरवा रंग. कितीही घासा, निघत नाहीत! नव्वदच्या दशकात नगरच्या कॉलेजात आम्ही वीज वाहून नेणारं प्लास्टिक बनवायचो. बर्फात ठेवलेल्या ॲनिलिनमध्ये दुसरं रसायन थेंबथेंब सोडायचं, की हिरवी पूड तयार. सांगायला सोपं! वंदनाची पीएच.डी. त्या पुडीवर अडकली होती आणि आमचे सर मेअखेर रिटायर होणार होते. त्याआधी थिसिस गेला नाही, तर नवा गाइड आणि सगळं पहिल्यापासून.

*

बर्फ भिंगारहून यायचा. एकदा मी लुनावर पोतं टाकून आणला. सावेडीत कॉलेजवर पोचेपर्यंत निम्मा रस्त्यावर! मिश्रण तापलं, सगळं तपकिरी झालं.

सर कडाडले, "बर्फ सांगितला होता, सरबत नाही!"

वंदना हसली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

पुढची पूड झकास हिरवी! पण डिस्टिल्ड वॉटर संपलेलं, म्हणून वंदनानं ती बोअरच्या पाण्यानं धुतली. पूड डोळ्यांदेखत निळी पडली. वीज वाहते का ते बघायच्या मीटरचा काटा ढिम्म!

वंदना सुप्याची. घाबरली की गावची बोली बाहेर पडायची. "सर, आत्ता हिरवं हुतं ओ! म्या काय बी न्हाई केलं!"

पाण्यानं पुडीतलं ॲसिड काढून घेतलं होतं. सरांनी पुन्हा ॲसिड ओतलं, तेव्हा हिरवा परतला आणि काटाही हलला.

"आपलं पाणी माणसांना पचत नाही, हिला कुठून पचणार!"

*

एका लग्नात मावशीनं वंदनाचे हिरवे हात पाहिले. "अगं, मेंदी वाळली, धू की आता!"

वंदना रडवेली. "मावशे, ही थिसिस झाल्याबिगर न्हाई निघायची!"

*

सरांना पुडीत हवे होते केसाहून हजारपट बारीक धागे. पुण्याहून मायक्रोस्कोपचे फोटो यायचे, त्यात दरवेळी नुसते गोळे.

एप्रिलात पहिला थेंब पडायच्या आतच लाइट गेली. ढवळणारं मशीन बंद, बर्फ वितळतोय. वंदनानं वैतागून सगळं रसायन एकदम ओतलं आणि स्टुलावर बसून रडली. तीच पूड पुण्याला गेली.

फोटो आला. धागेच धागे!

"कसं केलंस?"

"काय न्हाई केलं, सर. लाइट गेल्ती."

सरांनी फोटो खाली ठेवला. "एकदा आलं तर नशीब. दुसऱ्यांदा आलं तर थिसिस."

दुसऱ्या दिवशी सगळं मांडलं. पंखा चालू, मशीन चालू. धागे मशीन थांबल्यानं आले की सगळं एकदम ओतल्यानं, कुणास ठाऊक! वंदनानं बाटली उचलली, परत खाली ठेवली. सर उठले आणि त्यांनी थेट अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडला.

"ओत!"

फिजिक्सवाले ओरडले, "लाइट गेली, लाइट गेली!"

सर खिडकीतून त्यांच्यावरच खेकसले, "बोंबलू नका! कामाला आत्ता सुरुवात झालीय!"