काटा शून्यावर

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आण्णा, म्हणजे आमचे वडील, औंधच्या पंपावरून जीप घेऊन परत आले. मी अंगणात हाताला अजून चिकटून राहिलेला हिरवा रंग थिनरनं पुसत होतो. जीप थांबली तसा सवयीनं आत डोकावलो. इंजिन चालू होतं आणि पेट्रोलचा काटा शून्यावर होता.

“आण्णा, तेल टाकायचं राहिलं का?”

“टाकलं की. निम्मी टाकी भरून आणलीया.”

“काटा तर खाली हाय.”

“मग काट्याला इचार,” म्हणून ते पाय धुवायला गेले.

जेवताना मी पुन्हा विषय काढला. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “निम्मी.” त्यानंतर त्यांनी भातसुद्धा घेतला नाही.

तेल न टाकताच टाकलं असं त्यांना वाटतंय, ही शंका माझ्या मनातून जाईना. श्रावणात त्यांच्याकडून गॅस चालू राहिला होता. गेल्या महिन्यात आष्ट्याला, माझ्या सासुरवाडीला जाताना, वीस वर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर ते भलत्याच फाट्याला वळले आणि तासाभरानं पोचले. शेजारी आई बसली होती. तेव्हाच मी आणि साताऱ्याच्या बहिणीनं फोनवर ठरवलं होतं, की आता आणखी एकदा असं झालं तर किल्ली काढून घ्यायची. ठरवणं सोपं होतं. आण्णा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फात, दरडीखाली गाड्या हाकलेला माणूस. निवृत्तीनंतर फौजेच्याच लिलावातली ही जीप त्यांनी आणली आणि माझ्यापेक्षा जास्त लाडानं सांभाळली. त्यांच्या हातातून किल्ली घ्यायची म्हणजे काय करायचं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी परसात जाऊन बहिणीला फोन लावला. काट्याचं सगळं सांगितलं.

“दादा, उद्या पूजेला किल्ली ताटात ठेवतीलच. तिथनंच उचल. परत देऊ नको,” ती म्हणाली. अकरापर्यंत ती येणार होती आणि मग पूजा.

सकाळी सातला मी जीपपाशी गेलो. मी सांगलीत मुलांना वायरिंग शिकवतो. म्हटलं, किल्लीला हात लावण्याआधी काट्याची तरी चौकशी करू. बिघाड सापडावा म्हणून देवाला हात जोडून कामाला बसणारा मिस्त्री जगात मी एकटाच असेन.

खरं सांगायचं तर एक काठी टाकीत बुडवली असती की मिनिटात निकाल लागला असता. आण्णांची खुणा केलेली काठी कायम सीटच्या मागं असते. मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. काठी कोरडी निघाली असती तर पुढं बोलायला काही उरलं नसतं. वायरींमध्ये निदान आशेला जागा होती. शिकवणाऱ्या माणसाला शोभणारी ही गोष्ट नव्हे, पण मी घाबरलो होतो.

आण्णांकडं किल्ली मागितली. त्यांनी बंडीच्या खिशातून काढून दिली, का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, “टाकीच्या तोंडावर वलं पोतं टाक. ठिणगी उडंल.” आणि खुर्ची ओढून पेरूखाली बसले.

या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट काढली. टाकीच्या डोक्यावर एक चकती असते, तिच्याखाली पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. तेल वर-खाली होईल तसा तो हलतो आणि वायरीतून काट्याला कळवतो. मी वायर सुटी केली, किल्ली फिरवली आणि वायरीचं टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. काटा सरसर चढून पार भरलेल्या खुणेवर गेला.

काटा ठणठणीत होता. वायरही धड होती. म्हणजे संशयित उरले दोनच, एक फ्लोट आणि दुसरे पेरूखाली बसलेले.

चकतीचे स्क्रू काढून फ्लोट वर घ्यायचा म्हणजे टाकीत बघणं आलंच. मी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तसाच थांबलो. घरातून आई ओरडली, “आरं, साडेनऊ वाजलं! हार कवा घालायचा?” झेंडूच्या माळा ओट्यावर तयार होत्या. मी आण्णांकडं चोरून पाहिलं. ते सरळ माझ्याकडंच बघत होते. मी नजर खाली घातली, आणि तेव्हा चकतीच्या कडेची छोटी काळी वायर दिसली.

ती अर्थची वायर. एका स्क्रूखाली दाबलेली असते. तिचं टोक आणि टाकीचं लोखंड एकमेकांना भिडलं तरच काट्याचं चक्र पुरं होतं. स्क्रूखाली हिरवागार रंग होता. गुळगुळीत, दोन हातांचा.

तो मीच दिला होता. आमच्याकडं खंडेनवमीला गाडी नुसती धुऊन भागत नाही, अवजारासारखी नवी करून पूजेला उभी करतात. परवा मी सीट काढून टाकीसुद्धा रंगवली होती. नीट व्हावं म्हणून ही वायर सोडवली आणि रंग वाळल्यावर त्याच्यावरच आवळून टाकली. रंगातून वीज जात नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो.

मी विळ्याच्या टोकानं रंग खरवडला. लोखंड चमकलं. काळी वायर आवळली, दुसरी जागेवर लावली, किल्ली फिरवली. काटा हलला, पाव टाकीवर रेंगाळला आणि निम्म्यावर जाऊन थांबला.

मला रडूच आलं. “आण्णा! अर्थ तुटलावता! माझ्याच रंगानं! निम्मी हाय टाकी, निम्मी!” मी लहान पोरासारखा ओरडत होतो.

ते उठून आले. काट्याकडं त्यांनी बघितलंही नाही. बंडीच्या आतून ती खुणांची काठी काढून माझ्या हातात दिली. पेट्रोलचा वास अजून येत होता.

“पाटंच घातलीवती,” ते म्हणाले. “निम्म्यापतूर भिजली. मलाबी वाटाय लागलंवतं, मीच इसारलो का काय.”

“मग सकाळी सांगायचं न्हाई व्हय? तीन तास झालं मी हितं...”

“सांगितलंवतं की,” आण्णा म्हणाले. “काल. दोनदा.”

अकराला बहीण आली. किल्ली ताटात होती आणि शेजारी ती काठी, दोन्हींवर हळदकुंकू. बहिणीनं माझ्याकडं पाहून डोळ्यांनीच विचारलं. गॅस खरंच चालू राहिला होता, फाटाही खरंच चुकला होता. ते काही पुसलं गेलं नव्हतं. पण आरती संपल्यावर मी किल्ली उचलली ती आण्णांच्या हातात ठेवायला. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिले.