पेटीच्या बाई

गाणं संपल्यावर आमच्या पेटीच्या बाई कधी 'छान' म्हणाल्या नाहीत, की कुणावर रागावल्या नाहीत. पेटीचा भाता मिटायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचं, "काय ऐकलंत?" आम्ही समूहगीताची मुलं म्हणायचो, 'चांगलं झालं.' हे उत्तर त्यांना चालत नसे. "कुठे चांगलं झालं ते सांगा. म्हणजे उद्या परत तसंच करता येईल."

आठवीत आमच्यात सायली आली. मिरकरवाड्याची, वडिलांची होडी. बंदरावर हाका मारून कमावलेला आवाज. ती गायला लागली की बाकीचे ऐकूच येत नसत. जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली तसे मुख्याध्यापक म्हणाले, "त्या मुलीला या वेळी वगळा." आम्हालाही तेच हवं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायलीला समोरच्या बाकावर बसवलं. "आज तू गाऊ नको. नुसतं ऐक." तिने मान खाली घातली. आपल्याला काढलं, असंच तिला वाटलं.

गाणं संपलं. "काय गो, काय ऐकलंस?"

तिने मान वर केली. मग म्हणाली, "दुसऱ्या ओळीत सगळी एकदम श्वास घेतात. तिथं गाणं तुटतं." आमच्याकडे बघत म्हणाली, "आणि बाई, ह्यांचे आवाज बरे आहेत. मला माहीतच नव्हतं."

मग बाईंनी रोज एकेकाला त्या बाकावर बसवलं. माझी पाळी आली तेव्हा कळलं, आमची मागची रांग तबल्याच्या पुढे पळते. सायली परत रांगेत उभी राहिली ती शेजारणीच्या आवाजात आवाज मिळवून. दुसऱ्या ओळीत मात्र आम्ही श्वास घेईपर्यंत ती एकटी सूर धरून ठेवायची.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. परतीच्या गाडीत मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. सायलीने हळूच विचारलं, "माझ्यामुळे गेलं का, बाई?"

"तुझ्यामुळे गाणं तुटलं नाही," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनाही ऐकू जाईल इतकं स्पष्ट म्हणाल्या.

पुढच्या वर्षी निवृत्त होऊन बाई मुलीकडे दापोलीला निघाल्या. एसटी स्टँडवर आम्ही सगळे गेलो. सायलीने आमचं स्पर्धेचं गाणं सुरू केलं आणि आम्ही मागोमाग. तेव्हा खिडकीत बसलेल्या बाईही गाऊ लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना गाताना आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. आवाज जरा कापरा होता, पण सुरात होता. तो नीट ऐकू यावा म्हणून एकेक जण आपापला आवाज खाली आणत गेला, आणि गाडी फाटकातून वळली तेव्हा एकट्या बाईच गात होत्या.