धुकटाचा जोडीदार

भोपाळला उतरले तेव्हा सकाळीच ऊन तापलं होतं आणि रात्रभर बसून पाय सुजले होते. साताऱ्याकडच्या आमच्या डोंगरमाथ्यावर धुक्यावर जगणारी थोडी झाडं आहेत. गावकरी त्यांना ‘धुकट’ म्हणतात. अलीकडे धुकं विरळ झालं, उन्हाळे लांबले, आणि फुलं येऊनही धुकटाला फळ धरेना. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यांची पानं मी वैदेहीताईंकडे तपासायला पाठवली होती. ताई नागपूरच्या, वडिलांच्या नोकरीमुळे भोपाळच्याच झालेल्या. प्रयोगशाळेत झाडांची जनुकं तपासतात.

साकेत नगरच्या घरी पोहे-जिलेबी पुढं ठेवून त्या म्हणाल्या, “अगं, तुझी सगळी झाडं बिलकुल एक आहेत.”

“एका जातीची, असंच ना?”

“नाही गं. एकच झाड. एका मुळातून फुटत गेलेलं. स्वतःच्या परागावर त्याला फळ धरत नाही. जोडीदार पाहिजे.”

जिलेबी हातातच राहिली. इतकी वर्षं मी जिला राई म्हणत होते, तो एकटा जीव होता.

पचमढीच्या एका दरीत धुकट आहे, हे ताईंना ठाऊक होतं. तिथला पराग घ्यायची परवानगी त्यांनी आधीच काढली होती. दुसऱ्या दिवशी निघालो. मिसरोद, मंडीदीप मागं पडलं. ताई गाडी चालवत बोलत होत्या, मी नुसती हुंकार देत होते. पचमढीत वनरक्षक सुमित्राबाई आम्हाला दरीत घेऊन उतरल्या. वाटेत त्यांनी एक कोरडा खडक दाखवला.

“यहाँ झिरिया (पाझराचं पाणी) थी. इस बार होली से पहले ही सूख गई.”

खाली दोनच धुकट उभे होते. एक वाळायला लागलेला. दुसऱ्यावर मात्र फुलं होती. मान दुखेपर्यंत आम्ही त्यांतला पराग कागदाच्या पुड्यांत झटकला.

“एक सांगू?” ताई म्हणाल्या. “हे मिसळलं की तुझं झाड निव्वळ तुझ्या डोंगराचं राहणार नाही. लोक नावं ठेवतील.”

“नाही मिसळलं, तर राहणारच नाही.”

त्यांनी पुड्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या.

परतताना मंडीदीपच्या अलीकडे टायर फुटला. चाक बदलेपर्यंत बर्फाचं पाणी झालं. मला रडूच येत होतं. जवळच्या उसाच्या रसवाल्याकडे बर्फ मागितला.

“मछली है क्या, मैडम?”

“फूलों का पराग है,” मी म्हटलं. “दूर के पेड़ के लिए.”

“मतलब शादी का मामला!”

“हाँ भैया, शादीच समझो,” ताई म्हणाल्या. त्यानं डबा काठोकाठ भरून दिला.

साताऱ्याकडे घरी पोचल्यावर अंग मोडून आलं होतं, तरी तशीच डोंगर चढले आणि ब्रशनं फुलाफुलावर पराग लावला. बहुतेक फुलं गळली. काही आठवड्यांनी एका फांदीवर हिरवे, मिरीएवढे मणी दिसले. फळं!

आनंदानं ओरडावंसं वाटलं नाही. उन्हाळा वाढला की थंडाव्यासाठी झाडं पिढ्यांगणिक डोंगरावर वर सरकतात, पण आमच्या माथ्याच्या वर डोंगरच नाही. जे काही सोसायचं, ते या बियांना इथंच सोसावं लागणार. माकडांपासून जपायला त्या फांदीला जाळी बांधली, आणि तिथंच बुंध्याला टेकून मी गाढ झोपले.