बाई मुराळी

कांताने माझ्या नवऱ्याला माजरीच्या फलाटावर, भर गर्दीत, कानफटात मारली. त्याला आता तीन वर्षं झाली. मी तिथेच उभी होते आणि मध्ये पडले नाही. बापूराव तेव्हापासून माझ्याशी जरा कमी बोलतात, ते एका परीने बरंच झालं.

कांता आमची शेजारीण. खाणीच्या फाटकाजवळ तिची चहा-भज्यांची टपरी आहे. नवरा ट्रकवर क्लीनर होता. तो पिऊन मारायचा, कांता न पिता मारायची, त्यामुळे भांडण बहुतेक बरोबरीत सुटायचं. त्यांची लेक हर्षा नऊ वर्षांची असताना तो मागे येणाऱ्या डंपरखाली गेला. त्याला गोळा करून आणावं लागलं. कांता तीन दिवस रडली आणि चौथ्या दिवशी तिने टपरी उघडली. पुढे एका ड्रायव्हरने चहा घेताना तिचा हात धरला, तर तिने तापलेला झारा त्याच्या बोटांवर असा घातला की त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तो अजूनही तिच्याकडेच चहा पितो, पण पैसे फळीवर ठेवतो.

अशी ही बाई. दारुड्याला भ्यायची नाही, पोलिसाला भ्यायची नाही. भ्यायची ती एकाच गोष्टीला, ती म्हणजे लोक काय म्हणतील.

आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो. बाप, भाऊ, मामा, कोणीही चालतो, पण पुरुष पाहिजे. त्याला पाय धुवायला पाणी देतात, पाटावर बसवून जेवू घालतात, मग लेक त्याच्या मागोमाग निघते. मुराळ्याशिवाय आली तर ती आली नाही, पळून आली. छप्पन साली आमच्या माणसांनी घरचे देव टोपलीत भरून नदीत सोडले. उपास सोडले, पत्रिका सोडल्या. मुराळी तेवढा राहून गेला. तोही सोडायचा असतो हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

हर्षाला दिली कोसमतलावला. स्टेशनाचं नाव कोसमतलाव रोड. नावापुढे रोड लागला की समजावं, गाव लांब आहे. स्टेशनापासून सात किलोमीटर जंगल, मग तलाव, मग गाव. जावई प्रफुल तलावाचा राखणदार होता. मासेमारीचा ठेका घेतलेल्या माणसाने त्याला ठेवला होता, आणि त्याच्या हातापायांकडे पाहूनच ठेवला होता. चोरून जाळं टाकणारा सापडला की हा त्याचं डोकं पाण्यात दाबून धरायचा. माणूस मरेपर्यंत नाही, मरायला येईपर्यंत. ही गोष्ट लग्नाच्या बैठकीत त्याच्या बापाने, दादाजीने, कौतुकाने सांगितली होती. पोरगा कर्तबगार आहे म्हणून आम्ही माना डोलावल्या. हर्षाचा मामा म्हणून लग्नात उभे राहिले ते आमचे बापूराव. कांताने त्यांना भाऊ मानलेलं.

दोन वर्षांनी, हर्षाला पाचवा महिना असताना, कोसमतलावच्या आशासेविकेचा, रीनाचा, कांताला फोन आला. पोरीला पाहून जा म्हणाली, जास्त काही बोलली नाही. कांता बुधवारी निघाली. तोवर ती आगगाडीत एकटी कधी बसली नव्हती. मी तिला कागदावर स्टेशनं लिहून दिली. चंद्रपूरला उतरायचं, ऑटोने चांदा फोर्टला जायचं, तिथून गोंदियाची पॅसेंजर. मग केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, आणि त्यापुढे विचारत जायचं. कागद तिने ब्लाऊजमध्ये ठेवला आणि एकदाही काढला नाही. केळझरच्या जंगलात अख्खा डबा वाघ दिसतो का म्हणून खिडकीला चिकटला, तशी तीही चिकटली. शेंगा घेतल्या. मूलच्या एका म्हातारीशी मैत्री केली. मला नंतर म्हणाली, "खोटं काऊन बोलू वैनी, मले मजा आली." हे सांगताना तिने स्वतःच्याच तोंडात एक चापट मारून घेतली.

तलाव पाहून ती थबकली. एवढं पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, मध्ये कमळाची पानं पसरलेली, डोंग्यांतून माणसं उभ्या उभ्या बांबू टेकवत चाललेली. काठावर नागपूरच्या गाड्या, आणि पाखरांचे फोटो काढणारी मंडळी. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर हर्षाचं घर.

हर्षा बाहेर आली ती एका डोळ्याने बघत. दुसरा सुजून बंद झाला होता. उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला. मानेवर मागच्या बाजूला बोटं उमटलेली होती, पाण्यात दाबून धरल्याची. कांताने पिशवी खाली ठेवली आणि चल म्हणाली.

आणि हे नीट ऐका, त्या दिवशी प्रफुल घरी नव्हता. तालुक्याला गेला होता. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. कांताने पोरीचा हात धरून चालायला सुरुवात केली असती, तर अडवायला कोणी नव्हतं.

दादाजी आला, जयभीम घातला, पाणी दिलं. गोड बोलला. "न्या ना बाई. पोरगी तुमचीच हाय. पन मुराळी कुठी हाय? बाईमानसाच्या हाती सून लावून देली, तं गाव थुंकन आमच्यावर."

कांताच्या अंगात आलंच होतं, पण हर्षाच म्हणाली, "आई, मुराळी पाठव. असीच आली, तं पळून आली म्हनतीन."

झालं. जिने झाऱ्याने बोटं मोडली ती कांता तिथे ढिली पडली. सासूने वाढलेलं जेवली. निघताना हर्षाच्या पोटावर हात ठेवला, तर आतून लाथ बसली. दोघी हसल्या. मग ती सात किलोमीटर चालत आली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. बापूराव म्हणाले, रविवारी सुट्टी आहे, रविवारी जातो, चार दिवसांत काय होते? ते त्यांचं झालं. मी काय म्हणाले तेही सांगते. मी म्हणाले, "रीतसर होऊ दे कांता, पोरीचं नाव राहते." तीस वर्षं मी शाळेत मुलींना स्वावलंबनावर निबंध लिहायला दिले. चुकांना लाल शाईने गोल केले.

रविवारी पहाटे रीनाचा फोन आला. मुराळी येणार हे कळल्यापासून प्रफुल पेटला होता. शनिवारी संध्याकाळी त्याने हर्षाला केसांना धरून तलावावर नेलं, चोराला बुडवतात तशी बुडवली, आणि काठावर आणून पोटात लाथा घातल्या. एक नाही, रीनाने पाच मोजल्या. तेव्हापासून रक्त थांबत नव्हतं. रीना दवाखान्यात न्यायला गेली, तर दादाजी म्हणाला, उद्या मुराळी येते, त्याच्याच हाती देऊ. तिने गाडी बोलावते म्हटलं, तशी प्रफुलने तिच्या दारापर्यंत येऊन कुऱ्हाड तिच्या पायापुढे जमिनीत ठोकली.

आम्ही तिघं सातच्या गाडीला गेलो. बापूरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फलाटावर कांताने त्यांना सगळं सांगितलं. कुऱ्हाडीपाशी आली तसे ते बाकावर बसले. हे पोलिसांचं काम आहे म्हणाले. मग म्हणाले, मला चक्कर येते. गाडी लागली होती. कांता त्यांच्यापुढे गेली आणि हात मागे नेऊन अशी दिली की चष्मा रुळांत गेला. ती एकटीच डब्यात चढली. मी पोलिसांना फोन लावला, गाडी पाठवतो म्हणाले. पण मीही चढले नाही.

कोसमतलावात ती पोचली तेव्हा दुपार होत होती. हर्षा सपरीत, म्हणजे ओसरीवर, गोधडीवर पडलेली. तोंडाचा रंग गेलेला. गोधडी खालून काळी झाली होती आणि माश्या बसत होत्या. दादाजीने दाराबाहेर नजर टाकून विचारलं, मुराळी कुठे आहे.

"मीच मुराळी," कांता म्हणाली. "पाय धुवाले पानी द्या."

दादाजी हसला. तेवढ्यात प्रफुल आणि त्याचा भाऊ तलावावरून आले, दोघांच्या हातात डोंग्याचे बांबू. प्रफुलने कांताकडे पाहिलं आणि हर्षाच्या कमरेत पाय घातला. "ऊठ. मुराळी आला, भात वाढ."

चुलीवर भात रटरटत होता. कांताने वीस वर्षं चहाची उकळती गंजं, म्हणजे पातेली, फडक्याशिवाय उतरवलेली, तिच्या तळव्यांना चटका म्हणून कळत नाही. तिने गंज दोन्ही हातांनी उचललं आणि भातापेजेसकट प्रफुलच्या तोंडावर ओतलं. शितं त्याच्या डोळ्यांवर, मानेवर चिकटली. तो पुसायला गेला तशी कातडी हाताबरोबर आली. तो अंगणात लोळायला लागला. भावाने मागून बांबू घातला, कांताच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसरा तोंडावर बसला, त्यात पुढचे दोन दात गेले. तिसऱ्याला तिने त्याच्या पायाला मिठी घातली आणि पिंडरीचा चावा घेतला. ती सांगते, मांसाचा तुकडा तोंडात आला तोवर सोडलं नाही. दात तर दोन गेलेलेच होते, उरलेल्यांनी काम केलं. हर्षाची सासू दारात उभी राहून किंचाळत होती, पण सुनेच्या नावाने नाही.

गल्ली गोळा झाली. कोणी पुढे झालं नाही. पाखरांवाल्यांपैकी दोघं आले आणि फोन उभे धरून शूटिंग करत राहिले. पुढे आली ती एकटी रीना. कुऱ्हाड अजून तिच्या दारात होती, ती उपटून घेऊनच आली. तिने कुऱ्हाड दादाजीच्या छातीला टेकवली आणि हर्षाला आपल्या स्कूटीवर बसवायला कांताला सांगितलं. पुढे रीना, मध्ये हर्षा, मागे कांता, एका हाताने पोरीला धरून. मोडलेला हात लोंबत होता. सात किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यात हर्षा एकदाही ओरडली नाही. कांताला त्याचीच धास्ती वाटली.

स्टेशनापर्यंत अॅम्ब्युलन्स यायला दीड तास लागणार होता आणि गाडी वीस मिनिटांवर होती. मायलेकी गाडीतच चढल्या. पोलीस गावात पोचले तेव्हा प्रफुल भाजलेला, भावाची पिंडरी फाटलेली, आणि मारणारी बाई पसार. गुन्हा दोघांवर लागला, प्रफुलवर आणि कांतावरही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्याशाने चोराला चांगलंच भाजलं होतं हे खरं. तिला त्याचा पस्तावा नाही. दर तारखेला ती त्याच पॅसेंजरने एकटी जाते आणि न्यायाधीशांसमोर सांगते, हो, ओतलं. वकील कपाळाला हात लावतो. प्रफुलचा एक डोळा गेला. मी मास्तरीण आहे, मला असं म्हणायला नको, पण एकच गेला याचं मला वाईट वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते गाडीतलं. डब्यातल्या बायांनी एक बाक रिकामा करून दिला. कोणी लुगडं दिलं, कोणी पाण्याची बाटली. कांताने हर्षाचं डोकं मांडीवर घेतलं. स्वतःच्या तोंडातलं रक्त ती पदराला पुसत होती आणि पोरीशी सारखी बोलत होती. आणलं तुले, माय, आता कोनी हात नाई लावत. शेजारच्या बाया म्हणत होत्या, अशी आई पाहिजे. केळझरच्या जंगलात डबा पुन्हा खिडक्यांना लागला, तेव्हा हर्षाने डोळे उघडले. लेकराचं काय झालं ते तिला शनिवारीच कळलं होतं. तिने आईचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत काही हललं नाही.

"बुधवारी तू आली, तवा लेकरू होतं," ती म्हणाली. "तवा काऊन नाई नेलं मले?"

चांदा फोर्ट येईपर्यंत कांताने तो हात तिथून काढला नाही. हर्षा चंद्रपूरच्या दवाखान्यात वाचली, आज ती टपरीवर आईच्या शेजारी भजी तळते. तिने ते पुन्हा कधी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे, कारण ते मीच दिलं होतं, आमच्या ओट्यावर, बुधवारी संध्याकाळी.