झाकण मोरूने उघडलं

मोरू गेला त्या दिवशी मला रडू आलं ते नंतर. आधी हेवा वाटला.

तलावावरचे, कॅनॉलवरचे, विटाभट्टीवरचे पोकलेन ऑपरेटर कामं बंद ठेवून आले होते. वैनगंगेच्या घाटावर गाड्या लावायला जागा नव्हती.

मी मेलो तर यातले कोण कोण येतील, याचा अंदाज मी तिथेच उभा राहून घेत होतो.

आज त्याला वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोरू आणि मी पॉलिटेक्निकला एका बेंचवर होतो. पुढे पवनी रोडवर दोघांनी मिळून वर्कशॉप टाकलं. जुन्या पोकलेनच्या डिझेल लाइनचं काम ही आमची खासियत. पंप, इंजेक्टर, फिल्टर, टाकी.

काम मला त्याच्यापेक्षा जास्त चांगलं यायचं.
हे आज लिहू नये, असं वाटलं होतं. पण पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, खरं आहे.

लोकांना मात्र मोरूच हवा असायचा.

मी डांगरी घालून वेळेवर पोचायचो. तो पांढरा शर्ट घालून उशिरा यायचा. तोंडात खर्रा. मशीनकडे वळायच्या आधी कुणाच्या पोरीचं जुळलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं विचारून व्हायचं.

एक प्रसंग सांगतो.

मासेमारी सोसायटीच्या तलावातला गाळ काढणं सुरू होतं. पाऊस तोंडावर आलेला. गाळ निघाला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटेल आणि मासोळ्या जातील, हे सोसायटीचे नामदेवमामा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

आणि म्हातारी पोकलेन दर अर्ध्या तासाने दम तोडत होती. थोडं थांबलं की चालू. परत बंद.

कुणी म्हणालं पंप गेला, नागपूरले पाठवा.
पंप नागपूरहून परत येईपर्यंत तलाव भरला असता.

मी फिल्टर बदलले. लाइनमधली हवा काढली. तरी तेच.
मग टाकीची लाइन सोडली आणि इंजिन बाहेरच्या कॅनमधल्या डिझेलवर चालवलं. जेवणापासून चहापर्यंत एकदाही अडखळलं नाही.

म्हणजे पंप ठणठणीत. दोष टाकीकडे.

लाइन पुन्हा टाकीला जोडली आणि मशीनखाली आडवा होऊन पाइप धरून राहिलो. ती धापा टाकायला लागली तसा तो रबरी पाइप माझ्या बोटांखाली चपटा होत गेला. तेव्हा कळलं. डिझेल खाली ओढलं जातंय, पण त्याच्या जागी टाकीत हवाच येत नाहीये.

तेवढ्यात मोरू पोचला.
"मोरू, टाकीत हवा जाऊन नाही राहिली. वर चढ, झाकण ढिलं कर."

तो चढला. झाकण फिरवलं.
टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की तलावाच्या पाळीवर बसलेल्या बायांनाही ऐकू आला.

डिझेलात धूळ जाऊ नये म्हणून ऑपरेटरने झाकणाखाली प्लास्टिकची पन्नी घातली होती आणि वरून ट्यूबच्या रबराने करकचून बांधली होती. बिचाऱ्याने काळजीच घेतली होती.

पन्नी काढली. मशीन दिवस बुडेपर्यंत चालली.

"मोरूभाऊचा हात लागला अन् चालू झाली," मामा म्हणाले.

मोरू टाकीवरूनच ओरडला, "माहा हात कायचा मामा? ह्या अवीनं शोधलं. मी तं फक्त झाकण खोललं."

मामा बाजूच्याला म्हणाले, "पाह्य, किती मोठ्या मनाचा माणूस आहे."

परत येताना बाइकवर त्याने मागे न बघता विचारलं, "तुले राग आला काय बे?"
"नाही."
"आला. काहून पण? मी तं तुहं नाव घेतलं."
"तेच तं."

तो इतका हसला की बाइक रस्त्याखाली उतरली.

त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे वर्षभर स्वतःला विचारतोय. मीही त्याचं नाव घेतलं असतं.
जरा हळू आवाजात.

आज त्याच्या घरी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. नामदेवमामा मोरूच्या मुलीला हीच गोष्ट सांगत बसले होते. वहिनी वाढता वाढता थांबून ऐकत होत्या.

माझ्याच्याने राहवलं नाही.
"मामा, ते झाकणाचं मी सांगतलं होतं त्याले."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला नको होतं, असं वाटलं. पण बोलून झालं होतं.

"हो न," मामा म्हणाले. "मले मालूम नाही काय? मोरूभाऊ जाये तिथं सांगे. गोसीखुर्दकडच्या कामावर सांगतलं, तिकडं आंबागडले सांगतलं. आमच्या अवीनं खाली झोपून पकडलं म्हणे, मशीन बिघडली तं त्यालेच बलावत जा."

मग ते मुलीकडे वळले. "पाह्य बाई. असा होता तुहा बाप."

खरं मी बोललो. कौतुक परत त्याचंच झालं.

वर्षभर मला अनोळखी गावांतून ऑपरेटरांचे फोन येताहेत. "झाकणवाले अवीभाऊ तुम्हीच न?" म्हणतात. मला वाटलं होतं, शेवटी माझं काम बोलायला लागलं.

बोलून ठेवलं होतं मोरूने.

आता हे वाचून तुम्हीही खाली लिहाल, किती मोठ्या मनाचा माणूस होता.
लिहा. मी एकूण एक कॉमेंट वाचणार आहे. माझं नाव कुठे येतं का, तेही बघणार आहे.

मोरू, भावपूर्ण श्रद्धांजली.
हेव्यासकट.
तसा हेवा आता दुसऱ्या कुणाचा वाटत नाही.