पाटा ठेवायची जागा

आँटी काचेच्या पेटीसमोर थांबल्या आणि एकदम खालीच बसल्या. आमच्या लंडन ऑफिसच्या चकचकीत रिसेप्शनमध्ये! सिक्युरिटीवाला धावत आला. मी म्हटलं, "थांब जरा, बसू दे त्यांना."

पेटीत एक दगड होता, खाली पाटी 'रॉक सॅम्पल'. वर्षानुवर्षं रोज सकाळी हॅरोच्या घरून येऊन मी त्याच्यासमोरून लिफ्टकडे जात होते. आँटींनी त्याच्यातला झिजलेला खोलगट भाग दाखवला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. अगं बाई, हा तर पाटा!

"माझ्या आजीचा," आँटी म्हणाल्या. "ओढ्याकाठी असायचा. बायका त्यावर बिया वाटायच्या. तो फुटका कोपरा माझ्या आईचा प्रताप."

आमची कंपनी लोखंडाच्या खाणी चालवते. आँटी ऑस्ट्रेलियातल्या, आमची खाण आहे त्या जमिनीच्या मूळ रहिवासी. आपण काकू म्हणतो, तसं तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने आँटी म्हणतात. खाण वाढवू नका, हे सांगायला त्या इतक्या लांब आल्या होत्या. अशा लोकांचं आपण केलेलं नुकसान कबूल करायचं आणि जमेल तेवढं भरून काढायचं, हे माझं काम. ऑफिसात त्याला रिकन्सिलिएशन म्हणतात.

माझा बॉस ग्रॅहम खूश झाला. "ब्रिलियंट! परत देऊ. मस्त हँडओव्हर करू, फोटो काढू."

आँटींचं म्हणणं वेगळं होतं. "माझ्या हातात देऊ नका. उचललात तिथे नेऊन ठेवा. थोरली बहीण आजारी आहे. तिच्या डोळ्यांदेखत ठेवा."

पंचाईत अशी की तो ओढा नव्या वेस्ट डंपच्या हद्दीत येत होता. वेस्ट डंप म्हणजे खाणीतून निघालेली निरुपयोगी माती नि दगड टाकायची जागा. बघता बघता टेकडी होते.

"डंप थोडा सरकवू या," मी म्हटलं.

"परमिट मिळालंय, नंदिनी. आणि ओढा बहुतेक वेळ कोरडाच असतो."

"कोरडा असला म्हणून काय त्यांचा नाही?"

"लीगलशी बोल."

लीगलच्या वकिलांनी शब्द दिला, ओढा 'शक्य तितका' राखू. त्यांच्या भाषेत याचा अर्थ, आम्हाला सोयीचं पडलं तर. मी मीटिंगामागून मीटिंगा भांडले. सगळे "थँक यू, नंदिनी" म्हणायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे. इतका गोड नकार मी आयुष्यात ऐकला नव्हता.

हँडओव्हरच्या आठवड्यात साइटवरून फोन आला. डंपच्या मातीखाली ओढा बुजला होता. आँटींना मीच कळवलं. तरीही त्या पुन्हा लंडनला आल्या. बहिणीचं विचारायचं मला धाडस होईना. त्याच म्हणाल्या, "आहे अजून. वाट बघतेय."

कॅमेऱ्यांसमोर ग्रॅहमने पाटा पुढे केला. आँटींनी विचारलं, "ठेवू कुठे?"

"तुम्हाला हवा तिथे."

"मला हवा तिथे तुमचा ढिगारा आहे."

आँटींनी पाटा शालीत गुंडाळला. मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेले. टॅक्सीत तो त्यांच्या मांडीवर होता. "बहिणीला काय सांगू?" त्यांनी विचारलं. मी नुसती रडत बसले.

नंतर त्यांचा फोन आला. हॉस्पिटलात बहिणीने पाट्यावरून हात फिरवला, हसली, आणि म्हणाली, "चला, आता ओढ्यावर नेऊन ठेवू."

ग्रॅहमच्या रिपोर्टात हा प्रकल्प यशस्वी आहे. नव्या लोकांना ट्रेनिंग देताना मी एवढंच सांगते, कुणाचं काही परत द्यायचं असेल तर आधी ते ठेवायची जागा राखा. फोटो काय, नंतरही निघतात.