आधी कल्ला उघड

भागूबाई आणि मी रत्नागिरीच्या मच्छीबाजारात वीस वर्षं शेजारी बसतो आणि वीस वर्षं भांडतो. मी दमयंती. ती माझं गिऱ्हाईक पळवते, मी तिचं. ती भाट्याहून पहिल्या रिक्षाने येते, पाट मांडते आणि घाण पाणी मुद्दाम माझ्या बाजूला सोडते, मेली! नवरा गेला, मुलगा मितेश मुंबईत अडकला, आता हिचा सगळा जीव कुत्र्यात. पाठीवर पट्टे, म्हणून नाव बांगडा. तो तेवढा दोघींच्या हातचं खायचा.

एके दिवशी बांगडा खाईना. तोंडातून लाळ गळतेय, पंजाने गाल ओरबाडतोय. काटा अडकला, असं भागूबाईने ठरवूनच टाकलं. आपल्याला काटा अडकला की आपण करतो तेच तिने केलं, कोरड्या भाताचे गोळे त्याच्या घशात कोंबले. तिसऱ्या दिवशी कुत्रं उभंही राहीना.

"डॉक्टरकडे ने की गो! जीव घेतेस काय त्याचा?" मी ओरडले.

"तू नको शिकवू मला!" म्हणाली, पण रिक्षात सरकून जागा दिली.

पहिल्या दवाखान्यात गार हवा आणि भिंतभर सर्टिफिकेटं. डॉक्टर टेबलापलीकडूनच म्हणाला, "पोट बिघडलंय," आणि लिहायला लागला.

"तोंड उघडून बघितलंत?" भागूबाईने विचारलं.

"मावशी, डॉक्टर मी की तुम्ही?"

झालं! तिने कुत्रं उचललं. "कल्ला लाल आहे का ते बघितल्याशिवाय मी पापलेट घेत नाही, आणि तू हात न लावता माझ्या लेकराला औषध देतोस? चुलीत घाल तुझी सर्टिफिकेटं!" वीस वर्षांत पहिल्यांदा मला तिचं तोंड आवडलं.

दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टर रुचिराबाई होत्या. त्यांनी आधी जबडा उघडला, बॅटरी मारली. जिभेच्या मुळाशी मासे धरायची गरी रुतलेली, हिरव्या दोऱ्याच्या तुकड्यासकट.

"भात कोणी भरवला? त्याने ही आणखी आत गेली. एक दिवस उशीर केला असता तर गेलाच होता."

भागूबाई भिंतीला टेकून ढसाढसा रडली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मी त्या दोऱ्याकडेच बघत राहिले. हिरव्या दोऱ्याने मासे गरवतो तो माझा भाऊ महिपत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक, आणि त्याने पकडलेल्या गोबरा माशाचं डोकं बांगड्याला मीच टाकलं होतं, न बघता.

गरी निघाली. दुसऱ्या दिवशी भागूबाईने ती धुऊन माझ्या पाटावर ठेवली. मग आपले मासे मांडायला वळली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पंधरा दिवसांनी बांगडा शेपटी हलवत बाजारात आला. मी माशाचं डोकं उचललं.

"आधी कल्ला उघड," भागूबाई माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी कल्ला उघडला, आत बोट फिरवलं आणि मग डोकं टाकलं. बांगड्याने वास घेतला आणि भागूबाईकडे बघितलं. ती "खा" म्हणेपर्यंत त्याने तोंड लावलं नाही.